आठवा चौकोन

उत्कर्षानं हॉलच्या फरशीवर खडूची शेवटची रेघ ओढली आणि मागे सरकून, एक डोळा मिटून, ती सरळ आली आहे का ते पाहिलं. दारापासून हॉलच्या खांबापर्यंत आठ चौकोन. बसणारी माणसं पाच होती, पण आखायचे आठच, हा या घराचा नेम होता. मधले तीन गेलेल्या माणसांसाठी रिकामे राहत. एक शिवलिंगप्पा पणजोबांचा, एक सोनाबाई पणजीचा आणि एक धनलक्ष्मीच्या आईचा. त्यांच्यावर कुणी पाय देत नसे. फरशी पुसायला येणाऱ्या बाईसुद्धा त्यांना वळसा घालून जात.

"आत्या, आजोबा आठव्यात ना?"

"आठव्यातच," धनलक्ष्मी म्हणाली. ती खिडकीजवळच्या सोफ्यावर बसली होती. मांडीवर निळी फाइल होती आणि ती सकाळपासून तिनं खाली ठेवली नव्हती.

फाइल दोड्डप्पांची होती. दोड्डप्पा म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ आणि उत्कर्षाचे आजोबा, पंचाक्षरी. सोलापुरात त्यांना खो-खोचे कादंबरीकार म्हणत. खरं तर सातांपैकी दोनच कादंबऱ्या खो-खोच्या होत्या. कुस्तीच्या कादंबरीसाठी ते पोस्टातली ड्यूटी संपवून दोन वर्षं तालमीत जाऊन तांबड्या मातीत बसले. सायकल शर्यतीच्या कादंबरीसाठी दर रविवारी दुधनीपर्यंत सायकल मारत आणि धाकट्या भावाच्या दुकानात पोत्यावर आडवे होत. पोहण्याच्या कादंबरीसाठी पंचेचाळिसाव्या वर्षी विहिरीत उतरले, बुडता बुडता वाचले, आणि दोड्डव्वानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ओले कपडे पिळताना जे काही ऐकवलं ते त्यांनी जसंच्या तसं तिसऱ्या प्रकरणात घातलं.

प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण छापायला जाण्याआधी घरात वाचलं जाई. सगळ्यांनी खो-खोच्या पाटीवर, म्हणजे चौकोनांच्या ओळीत बसायचं, एकानं स्वयंपाकघराकडे तोंड करून, पुढच्यानं रस्त्याकडे. दोड्डप्पा उभे राहून, ओळीच्या कडेनं चालत वाचायचे. "ऐकणाऱ्यांची तोंडं दिसली की वाचणारा लाडात येतो," ते म्हणत. खो-खोचा डाव नऊ मिनिटांचा, म्हणून प्रकरणही नऊ मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. आधी संपलं, तर उरलेला वेळ पुरा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि हलायचं नाही.

चावीचं स्टॉपवॉच नवव्या वर्षापासून धनलक्ष्मीच्या हातात होतं. दुधनीहून शाळेसाठी ती या घरात आली तेव्हा दोड्डप्पांनी पहिल्याच आठवड्यात ते तिच्या मुठीत दिलं होतं. पुढे तिनं भौतिकशास्त्र घेतलं, कॉलेजात शिकवायला लागली, प्रयोगशाळेत याहून अचूक घड्याळं आली. तरी प्रकरण संपल्यावरची ती उरलेली वीस-तीस सेकंदं तिला दुसरीकडे कुठे मिळाली नाहीत. त्या वेळात घरातले सगळे एकाच वेळी जागे आणि झोपेत असल्यासारखे दिसत.

आजचं वाचन नव्या पुस्तकाचं नव्हतं. 'नववं मिनिट' या त्यांच्या पहिल्या कादंबरीला यंदा पन्नास वर्षं होत होती. नवी आवृत्ती निघणार होती आणि तिच्यासाठी दोड्डप्पांनी शेवटचं प्रकरण नव्यानं लिहिलं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेतला मधला भाग गेला होता, कडा तेवढ्या उरल्या होत्या. चित्रकलेच्या मोठ्या कागदांवर, जाड पेनानं, बोटभर उंचीच्या अक्षरांत त्यांनी दहा पानं लिहिली होती. ती एका दमात वाचून दाखवणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून या वेळी घड्याळही धनलक्ष्मीकडे आणि पानंही.

बसू आत आला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. तो दोड्डप्पांचा मुलगा, उत्कर्षाचा बाप, धनलक्ष्मीहून दोन वर्षांनी लहान; मैदानावर पोरांना खो-खो शिकवायचा. दिवाळीतल्या एका किरकोळ भांडणापासून दोघं कामापुरतंच बोलत होते.

"वाचलंस?"

"सकाळी."

"मी काल. प्रकाशकांना पाठवायला फोटो काढताना." त्यानं उत्कर्षाकडे पाहिलं. ती खडूचे हात धुवायला आत गेली, तसा तो जवळ सरकला. "लक्ष्मी, पान सहा आणि सात."

"त्यांचं काय?"

"ती दोन नसली तरी बाकीचं नीट जुळतं. पाचच्या शेवटी धूळ आहे, आठच्या सुरुवातीला धूळ आहे. कुणाच्या लक्षात यायचं नाही."

हे खरं होतं. सकाळी तिच्याही ते लक्षात आलं होतं आणि लक्षात आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

"साडेसहा मिनिटांत संपेल," ती म्हणाली. "दोन पानं म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. दोड्डप्पांना कळेल."

"मग सावकाश वाच की!"

तिला हसू आलं. बसूलाही आलं, पण त्यानं ते आवरलं.

"हसू नको. मैदानाच्या फाटकावर त्यांचं वाक्य रंगवून घेतलंय मी. ऐंशी पोरं रोज त्याच्याखालून आत येतात. त्यांना काय सांगू? हे लिहिणाऱ्यानं सख्ख्या भावावर खोटं ढकललं होतं म्हणून?"

"आणि ज्याच्यावर ढकललं, त्याला काय सांगायचं?"

"काकांना आता काय फरक पडतो? पंच्याहत्तर झाली. स्टेंट बसवून वर्ष नाही झालं. जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर हे त्यांच्या अंगावर टाकायचं? उद्या त्यांना काही झालं तर?"

काका म्हणजे तिचे अप्पा, मल्लप्पा. ते दुधनीहून पॅसेंजरनं निघाले होते.

सहा आणि सात या पानांवर जे होतं ते बार्शीच्या एका सामन्यापाशी जात होतं. अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा अंतिम सामना. दोघं भाऊ एकाच संघात. शेवटचं मिनिट, शेवटचा गडी, आणि पाठलाग करणाऱ्या मल्लप्पानं आठव्या चौकोनात बसलेल्या पंचाक्षरीला खो दिला. खो देताना बसलेल्याच्या पाठीवर हात पडावा लागतो. हात पडलाच नाही असं ठरलं, पंचांनी शिट्टी मारली, गडी निसटला, सामना गेला. एका गिरणीचे साहेब त्या दिवशी नोकरीसाठी खेळाडू निवडायला आले होते. घाईत हात न लावता खो देणारा मुलगा त्यांनी घेतला नाही. मल्लप्पा मामाच्या आडत दुकानात दुधनीला गेला आणि तिथलाच झाला. आठ वर्षांनी कादंबरी आली. नावं बदललेली होती, पण सोलापुरात सगळ्यांना कोण कोण ते कळलं. उतावळा धाकटा भाऊ, आणि त्याला क्षमा करणारा थोरला.

आता पन्नास वर्षांनी, बोटभर उंचीच्या अक्षरांत, दोड्डप्पांनी लिहिलं होतं की हात पडला होता.

धनलक्ष्मी फाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोड्डव्वा शेंगापोळ्या करत होती. पोळीच्या कडेनं कूट निसटून तव्यावर जळत होतं आणि तो वास घरभर पसरला होता.

"बसू आला असंल तुझ्या कानाशी," दोड्डव्वा वर न बघता म्हणाली.

"तुला माहीत आहे यात काय आहे?"

"मला? अगं, मला तुज्या आधी माहीत हाय." तिनं पोळी उलटली. "पहिलं पुस्तक फेर लिवून कुणी काढलं? मीच की. त्यांचं अक्षर म्हंजे मुंग्यांची रांग. लग्नाला वर्ष झालं हुतं, माझं अक्षर शाळेत पहिलं आलेलं. रोज चार पानं. एक दिवस बार्शीचं पान आलं. त्यात हात पडला हुता."

धनलक्ष्मीनं तव्याखालचा गॅस बारीक केला.

"मी लिवून ठिवलं. चार दिवसांनी तेच पान परत माज्याकडं. हात काढलेला. मी इचारलं, हे का हो बदललं? म्हणाले, कादंबरी हाय, अशीच बरी वाटती."

"आणि तू गप्प बसलीस?"

"नवी सून गं मी. मग पुस्तक गाजलं. मग बसू झाला. मग गप्प बसायची सवय झाली." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सकाळपर्यंत मी बी बसूच्याच बाजूनं हुते. नको म्हटलं आता ह्या वयात. पर पहाटे तुजे दोड्डप्पा उठून हॉलमधी बसले हुते, त्या खांबाजवळ, खाली. म्हटलं काय करलालाव? म्हणाले, बसून बघतोय."

तव्यावरची पोळी तिनं ताटात टाकली आणि पहिल्यांदाच धनलक्ष्मीकडे पाहिलं.

"वाच तू. पर मल्लप्पाला आधी पोटभर जेवू दे."

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. धनलक्ष्मी खिडकीशी गेली. अप्पा तूरडाळीची पिशवी सांभाळत उतरले, फाटकातून आत आले आणि वळून त्यांनी कडी लावली. दोन पावलं चालले. थांबले, परत गेले, कडीवर चारी बोटं ठेवली आणि स्वतःशीच म्हणाले, "लागली."

हे ती जन्मापासून बघत आली होती. दुकानाचं कुलूप, गॅसचं बटण, तराजूचा काटा, खिशातलं तिकीट. प्रत्येक गोष्टीला दोनदा हात, आणि दुसऱ्यांदा तो शब्द. दुधनीचे हमाल अप्पांची नक्कल करायचे. कॉलेजात असताना तिनं अशा सवयींबद्दल वाचलं होतं, एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलंही होतं. आज फाइल छातीशी धरून खिडकीत उभी असताना तिला वाटलं, इतकी साधी गोष्ट आपल्याला मोजता आली नाही. या माणसाचा अठ्ठावन्न वर्षं स्वतःच्या हातावर विश्वास नाही.

अंगणातल्या नळावर अप्पा पाय धूत होते, तिथं ती टॉवेल घेऊन गेली.

"अप्पा, एक विचारू? बार्शीला हात लागला होता का?"

अप्पांनी दुसरा पाय नळाखाली धरला.

"आज हे काय काढलंस?"

"सांगा ना."

"लई दिवस वाटायचं, लागला. झोपेत बी वाटायचं. अण्णाचा बनियन वला हुता, त्यो तळहाताला लागल्यागत वाटायचं." त्यांनी नळ बंद केला, पुन्हा हात लावून पाहिला. "मग अण्णाचं पुस्तक आलं. पाठ त्याची. लागला का न्हाय त्येला म्हाईत असणार की. त्येनंच लिवलं न्हाय लागला, मग मी कोण? आता आठवाया गेलो की पुस्तकातलंच दिसतंय बघ. माजं सोताचं गेलं त्यातलं."

"राग नाही आला?"

"राग कसला? त्येनं पुस्तकात मला माफ केलंय की." अप्पा हसले आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले.

जेवताना दोघं भाऊ शेजारी बसले. दोड्डप्पांना माणूस बघायचा असला की त्याच्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघावं लागे, तेव्हा कडेनं तो दिसे.

"अण्णा, माज्याकडं बघ की," अप्पा म्हणाले. "तिकडं भिंतीशी काय बोललालास?"

"तुझ्याकडंच बघतोय. समोर बघितलं की तू जातोस. बारीक झालास."

"तुला कडंकडंनं दिसतोय म्हणून बारीक."

उत्कर्षाला ठसका लागला. दोड्डव्वानं अप्पांच्या पानात तिसरी पोळी टाकली. "साकु, वैनी, साकु," अप्पा पुरे म्हणत हात आडवा करत होते, पण हात पानाच्या जरा वरच धरून, म्हणजे चौथीला जागा राहील असा. बसू मात्र पोळीचे तुकडे करत बसला होता. एकदा त्यानं धनलक्ष्मीकडे पाहिलं. तिनं तुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

तीन वाजता सगळे पाटीवर बसले. गुडघ्यांमुळे आता चौकोनांत प्लास्टिकच्या खुर्च्या असत. पहिल्यात उत्कर्षा, स्वयंपाकघराकडे तोंड करून. दुसऱ्यात बसू, रस्त्याकडे. मग तीन रिकामे. सहाव्यात दोड्डव्वा, रस्त्याकडे. सातव्यात अप्पा, स्वयंपाकघराकडे. आठव्यात, खांबाला लागून, दोड्डप्पा, रस्त्याच्या खिडकीकडे तोंड करून. त्यांनी खुर्ची नाकारली होती आणि चौरंग मागून घेतला होता. चौरंगावर ते पुढे झुकून, दोन्ही हात जमिनीकडे सोडून बसले, खेळाडू बसतो तसे. सत्त्याहत्तर वर्षांच्या पाठीचे मणके सदऱ्यातून दिसत होते.

फेब्रुवारीचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्याचा पट्टा आठव्या चौकोनावरून तिरपा गेला होता. धनलक्ष्मी ओळीच्या कडेला उभी राहिली. तिनं घड्याळाचं बटण दाबलं.

पहिलं वाक्य जुनंच होतं, पन्नास वर्षांपूर्वीचं, मैदानाच्या फाटकावरचं. "धूळ खाली बसायला माणसापेक्षा जास्त वेळ घेते." दर वर्षी अकरावीच्या वर्गात ती हे वाक्य फळ्यावर लिहायची आणि मुलांकडून गणित करून घ्यायची. चुन्याचा बारीक कण गुडघ्याच्या उंचीवरून खाली यायला पंधरा सेकंद. खो मिळालेला गडी उठायला अर्धा. हे वाक्य त्यांना केव्हा सुचलं, असं कुणा मुलानं कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही नाही.

ती चालत वाचत राहिली. दोन पानं, तीन, चार. प्रकरणात उन्हं कलत होती, मैदानाभोवती सायकली उभ्या होत्या, लोकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. उत्कर्षानं डोळे मिटले होते. अप्पांचा पाय वाचनाच्या तालावर हलत होता. पाचवं पान संपलं. तिनं ते मागे घेतलं आणि थांबली.

बसू खाकरला. त्याची पाठ तिच्याकडे होती, पण त्या खाकरण्यात सगळं होतं. तिला त्याचा राग आला नाही. त्याला आपल्या बापाला वाचवायचं होतं. तिलाही आपल्याच बापाला वाचवायचं होतं, आणि कसं ते तिला अजून माहीत नव्हतं. काटा पुढे सरकत होता. तीन सेकंद. चार.

"वाच, बाळ," दोड्डप्पा खिडकीकडे बघत म्हणाले. "मी बसलोय हितं."

तिनं सहावं पान वाचलं.

"मी आठव्या चौकोनात होतो. माझ्यासमोरून पळणारा गेला आणि त्याच्या टाचेनं चुन्याच्या रेघेवरची धूळ उडाली. ती खाली येईना. उन्हात ती तशीच थांबली आणि मी तिच्यासाठी शब्द शोधू लागलो. तेवढ्यात माझ्या पाठीवर हात पडला. डावा हात, पाची बोटं. खो मला ऐकू आला. मी उठलो नाही. मला शब्द सापडत होता."

अप्पांचा पाय थांबला.

"पंचांनी माझ्याकडे पाहिलं. हात लागला का, एवढंच त्या नजरेत होतं. मला होय म्हणता आलं असतं. मग ते म्हणाले असते, लागला तर उठला का नाहीस? आणि मी काय सांगणार होतो? मी मान हलवली. माझी सातही पुस्तकं त्या मान हलवण्यानंतरची आहेत. पहिल्यात मी माझ्या भावाला क्षमा केली. लोकांनी त्यासाठी माझं कौतुक केलं. मी ते घेतलं."

सातवं पान, आठवं, नववं. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. दहाव्या पानावर पुन्हा धूळच होती, आणि रिकामं झालेलं मैदान, आणि एक मुलगा हातात चपला घेऊन स्टेशनाकडे चालला होता. शेवटचा शब्द वाचून तिनं घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं दहा सेकंद.

पन्नास सेकंद उरली होती.

कुणी हललं नाही. नेमच तसा होता. दोड्डव्वानं पदर तोंडाशी धरला होता. बसूची मान खाली गेली होती. बाहेरून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गल्लीच्या टोकाला विरून गेली. उन्हाच्या पट्ट्यात बारीक कण तरंगत होते, वर जात होते, खाली यायचं विसरत होते. धनलक्ष्मी अप्पांकडे बघत होती. ते आपल्या मांडीवर उताणा ठेवलेला उजवा तळहात बघत होते. भूल उतरताना माणूस स्वतःचे हातपाय बघतो, तसे.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

या घरात ती शांतता आजवर कुणी मोडली नव्हती. अप्पा उठले. त्यांचं तोंड स्वयंपाकघराकडे होतं, म्हणजे दोन पावलं पुढे होऊन उजवीकडे वळलं की ते थेट थोरल्या भावाच्या पाठीमागे. ते तिथं जाऊन उभे राहिले. डाव्या हातानं त्यांनी खांब धरला. मग उजवा हात दोड्डप्पांच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध ठेवला. पाची बोटं पसरून. आणि तो काढला नाही.

"खो," ते म्हणाले. झोपलेल्याला उठवावं इतक्या हळू.

दोड्डप्पांनी गुडघ्यांवर हात टेकले. पहिल्या खेपेला जमलं नाही. उत्कर्षा अर्धी उठली, दोड्डव्वानं हाताच्या खुणेनंच तिला बसवलं. दुसऱ्या खेपेला ते उठले. उठलेल्या गड्यानं तोंड असेल त्याच बाजूला जायचं असतं. ते तसेच सरळ निघाले, कुणाचा आधार न घेता, पाच पावलं, खिडकीचा कठडा हाताला लागेपर्यंत. तिथं ते गजांना धरून, पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

खो देणाऱ्यानं मोकळ्या झालेल्या चौकोनात बसायचं असतं. अप्पा खांबाला धरून सावकाश खाली टेकत गेले आणि चौरंगावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. उन्हाचा पट्टा आता त्यांच्या गुडघ्यांवर आला.

"अण्णा," ते म्हणाले, "हितनं दिसती रे धूळ."

खिडकीशी दोड्डप्पांनी एक गज सोडून दुसरा धरला.

"आत्या, वेळ?" उत्कर्षानं हळूच विचारलं.

धनलक्ष्मीनं मुठीतलं घड्याळ पाहिलं. बटण दाबायचं राहून गेलं होतं. अकरा मिनिटं उलटून काटा निवांत फिरत होता. तिसऱ्या पुस्तकापासून आजवर असं कधी झालं नव्हतं. तिनं तो तसाच फिरू दिला.

बसू उठला आणि अप्पांच्या समोर फरशीवर येऊन बसला. फाटकावरच्या वाक्याचा, ऐंशी पोरांचा विचार त्याच्या तोंडावर अजून दिसत होता, पण आवाज वेगळा होता. "काका, तुम्ही सांगाल तसं. छापायचं का हे?"

"छाप की. पर त्यात चूक हाय."

खिडकीतली पाठ ताठ झाली.

"डावा हात लिवलाय," अप्पा म्हणाले. "उजवा हुता. डाव्यानं मी खांब धरून वळलो. आत्ता सगळं दिसाया लागलंय मला. बनियनला खांद्यावर भोक हुतं अण्णाच्या."

"डावा होता," दोड्डप्पा न वळता म्हणाले. आवाज भरलेला, पण हट्ट जागेवर होता. "मला चांगलं आठवतंय."

"उजवा."

"मल्लू, पाठ माझी होती."

"हात माजा हुता की!"

"अय्यय्य," दोड्डव्वा खुर्चीतून उठली. "ह्या दोघास्नी आता चहा देऊ का मैदानावर नेऊन सोडू?"

बसू हसला आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. धनलक्ष्मीनं फाइल उघडली, सहावं पान वर घेतलं आणि दोड्डप्पांचंच जाड पेन उचललं. तिच्या हातून त्यांच्या लिखाणात आजवर एकही अक्षर बदललं गेलं नव्हतं. तिनं एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. मग कागद घेऊन ती खिडकीशी गेली आणि तो त्यांच्या नजरेच्या कडेला धरला. त्यांनी बराच वेळ भिंतीकडे बघत तो वाचला. तिच्या डोक्यावर हात ठेवून चहाला गेले.

संध्याकाळच्या पॅसेंजरसाठी अप्पा निघाले, तेव्हा ती स्टेशनापर्यंत सोडायला सोबत निघाली. फाटकाबाहेर आल्यावर अप्पांनी वळून कडी लावली आणि रिक्षाच्या दिशेनं चालू लागले. एक पाऊल, दोन. दुसऱ्या पावलाला ते थांबले. धनलक्ष्मी कडेला सरकली, त्यांना परत जायला वाट मिळावी म्हणून, आणि नकळत मनात सेकंद मोजू लागली.

अप्पांनी उजवा हात सदऱ्याला पुसला.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "चल की, गाडी चुकंल."

ते पुढे निघाले.